जेथे प्रेषित थॉमस विसावले : इटलीतील ऑर्तोना या सागरतीरीच्या नगराची ओळख



आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी भाविकांचे गट युरोपच्या यात्रेस जातात. रोम, असिसी, पादुआ ही नावे आता घराघरांत परिचयाची झाली आहेत. पुष्कळ गट इटलीच्या पूर्व किनाऱ्याकडेही वळतात. लांचानो येथील पवित्र साक्रामेंताच्या चमत्काराचे दर्शन घ्यावे, मानोप्पेल्लो येथे प्रभूचा पवित्र चेहरा पाहावा आणि तेथून दक्षिणेस सान जोव्हान्नी रोतोंदो येथे संत पाद्रे पिओ यांच्या समाधीपाशी जावे, असा हा ठरलेला मार्ग आहे. मात्र लांचानोपासून अवघ्या २० किलोमीटरच्या आसपास असलेल्या एका लहानशा समुद्रनगराकडे बस क्वचितच वळते. त्या नगराचे नाव ऑर्तोना. तेथील बॅसिलिकेत गेली साडेसातशेहून अधिक वर्षे ज्यांच्या अस्थी भक्तिभावाने जतन केल्या आहेत, ते भारताचे प्रेषित संत थॉमस होत.

ज्यांनी आपल्या भूमीवर सुवार्तेचे बीज प्रथम पेरले असे आपण मानतो, त्यांच्या दारावरून जावे आणि आत डोकावूही नये, ही गोष्ट आम्हाला मनापासून खटकते. म्हणून या लेखात ऑर्तोना नगराचा परिचय करून देत आहोत. तेथे काय पाहावे, काय करावे हे तर सांगूच, परंतु त्या नगराकडे कोणत्या दृष्टीने पाहावे याविषयीही थोडे निवेदन करू.

नगर आणि त्याचा परिसर

ऑर्तोना हे अब्रुत्झो प्रांतातील किएती जिल्ह्यातले नगर. भूमध्य समुद्राचा जो बाहू इटली आणि बाल्कन प्रदेश यांच्यामध्ये उत्तरेकडे शिरला आहे, त्याला आद्रियातिक समुद्र म्हणतात. त्याच्या काठी, कड्यासारख्या उंचवट्यावर हे नगर वसले आहे. खाली बंदर आणि रेल्वेस्थानक, वर जुनी वस्ती, मागे द्राक्षमळ्यांनी व जैतुनाच्या झाडांनी भरलेल्या टेकड्या आणि त्यांच्याही मागे माइएल्ला पर्वताची रांग. हिवाळ्यात व वसंताच्या आरंभी, आकाश निरभ्र असेल तर, एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस हिमाच्छादित शिखरे असे दुहेरी दर्शन येथे घडते. ऑर्तोनाचे बंदर अब्रुत्झोतील महत्त्वाचे बंदर असून मासेमारी हा तेथील जुना व्यवसाय आहे. धर्मप्रांतीय दृष्टीने हे नगर लांचानो-ऑर्तोना या महाधर्मप्रांतात मोडते.

अस्थींचा दीर्घ प्रवास

येथे भाविकांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो. संत थॉमस यांची कबर तर चेन्नईच्या मैलापूर येथे आहे. मग त्यांच्या अस्थी इटलीत कशा? दोहोंपैकी एक स्थळ खोटे मानावे काय?

तसे मानण्याचे कारण नाही. आपल्या प्राचीन परंपरेनुसार प्रेषित थॉमस इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर कोडुंगल्लूर येथे उतरले आणि इ. स. ७२ मध्ये मैलापूर येथे त्यांना रक्तसाक्षीचे मरण आले. त्यांचा देह तेथेच पुरण्यात आला. पुढे त्यांच्या अस्थी भारतातून एदेस्सा या नगरी नेण्यात आल्या. हे नगर म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील उर्फा. चौथ्या शतकातील धर्मपंडित संत एफ्रेम यांनी आपल्या गीतांतून या गोष्टीचा उल्लेख केला आहे. एका व्यापाऱ्याने त्या अस्थी आणल्या, असे ते सांगतात. त्याच शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची धर्मशील यात्रेकरू स्त्री एदेस्सा येथे संत थॉमस यांच्या स्मृतिस्थानी प्रार्थना करून गेल्याची नोंद तिच्याच प्रवासवर्णनात आहे. आपण ३ जुलै रोजी संत थॉमस यांचा सण साजरा करतो, तो अस्थी एदेस्सा येथे नेल्याच्या स्मृतिदिनाशी निगडित आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

इ. स. ११४४ मध्ये एदेस्सा नगर ख्रिस्ती सत्तेच्या हातून गेले. त्यानंतर या अस्थी ग्रीक समुद्रातील खिओस बेटावर ठेवण्यात आल्या, अशी परंपरा आहे. तेराव्या शतकाच्या मध्यास व्हेनिस आणि जिनोआ या सागरी सत्तांमध्ये युद्ध पेटलेले होते. त्या धामधुमीत ऑर्तोनाचे नौकाधिपती लेओने आच्चायुओली आपल्या तीन गलबतांसह खिओस येथे पोहोचले. तेथील चर्चमध्ये प्रार्थना करताना त्यांना प्रेषिताच्या कबरीचा शोध लागला आणि त्यांनी अस्थी व कबरीवरील शिळा गलबतावर चढवली. ६ सप्टेंबर १२५८ रोजी ही गलबते ऑर्तोनाच्या बंदरात शिरली. दुसऱ्याच वर्षी, १२५९ मध्ये, बारी येथे या घटनेविषयी साक्षीपत्र लिहिण्यात आले.

आजच्या आपल्या मापाने पाहिले तर, दुसऱ्यांच्या देवळातून पवित्र अवशेष उचलून आणणे हे कृत्य प्रशंसनीय ठरणार नाही. मध्ययुगात मात्र अशा घटना वारंवार घडत. संत निकोलस यांच्या अस्थी बारी येथे आणि संत मार्क यांच्या अस्थी व्हेनिस येथे अशाच रीतीने पोहोचल्या. आम्ही ते कृत्य झाकूनही ठेवत नाही आणि त्याचा गौरवही करत नाही. परमेश्वर मनुष्याच्या वाकड्या रेषांतूनही आपला मार्ग आखतो, इतकेच आपण म्हणू शकतो.

म्हणजेच मैलापूर ही प्रेषिताच्या मरणाची व पहिल्या दफनाची भूमी, तर ऑर्तोना हे त्यांच्या अस्थींचे आजचे विश्रामस्थान. दोन्ही स्थळे एकाच परंपरेची दोन टोके आहेत. या नात्याला आधुनिक काळात पुन्हा उजाळा मिळाला. संत थॉमस यांच्या भारतातील आगमनास १९०० वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने ऑर्तोना येथील त्यांच्या हाताच्या अस्थीचा एक अंश भारतात आणण्यात आला. कार्डिनल युजीन तिसरां यांच्या हस्ते १९५३ साली त्याची कोडुंगल्लूरनजीकच्या अळिकोड येथे प्रतिष्ठापना झाली. ज्या किनाऱ्यावर प्रेषिताचे पाऊल पडले असे आपण मानतो, त्या किनाऱ्याला ऑर्तोनाने दिलेली ही भेट होय.

बॅसिलिकेत काय पाहावे

नगराच्या जुन्या भागात संत थॉमस प्रेषित यांची बॅसिलिका उभी आहे. प्रथमदर्शनी ती फारशी प्राचीन वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. १५६६ साली तुर्की आरमाराने नगरावर हल्ला करून हे चर्च जाळले; अस्थी मात्र वाचल्या. त्याहून भीषण आघात १९४३ च्या डिसेंबरात झाला. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने चर्चलगतचा मनोरा सुरुंग लावून उडवला आणि त्याबरोबर घुमटासह निम्मी वास्तू कोसळली. तो दिवस होता २१ डिसेंबर. त्या काळच्या उपासनापंचांगानुसार २१ डिसेंबर हाच संत थॉमस यांचा सणदिन होता!

युद्ध संपल्यावर नगरवासीयांनी स्वतःच्या पडक्या घरांबरोबरच हे चर्चही पुन्हा उभारले आणि १९४९ च्या सप्टेंबरात ते उपासनेसाठी खुले झाले. आत जाण्यापूर्वी क्षणभर थांबून १३११ साली घडवलेले दगडी प्रवेशद्वार निरखून पाहावे. स्फोटात भग्न झालेले हे द्वार तुकडे जुळवून पुन्हा उभे करण्यात आले आहे. सांधे शोधले तर दिसतात. ते लपवावेत असे कुणाला वाटले नाही, याचे आम्हाला समाधान वाटते.

मुख्य चर्चखालील तळघरात प्रेषिताची समाधी आहे. तेथे वेदीखाली सोनेरी मुलाम्याच्या पेटीत अस्थी ठेवल्या आहेत. खिओसहून आणलेली कबरीवरील शिळाही येथेच पाहावयास मिळते. तिच्यावर एका पवित्र पुरुषाची अर्धाकृती कोरलेली असून ग्रीक अक्षरांत थॉमस यांचे नाव आहे. जागा लहान आणि शांत आहे. रोममधील रांगा, ध्वनिक्षेपक, गर्दी यांपैकी येथे बहुधा काहीही नसते. गटाबरोबर धर्मगुरू असल्यास बॅसिलिकेच्या कार्यालयाशी आधी पत्रव्यवहार करून समाधीपाशी मिस्सा अर्पण करण्याची अनुमती मागावी. ज्या प्रेषिताने प्रभूच्या जखमांपुढे आपल्या विश्वासाची कबुली दिली, त्याच्या अस्थींसमोर आपल्या मराठी भाषेत तीच कबुली देणे ही कोणत्याही भारतीय भाविकासाठी थोर कृपा ठरेल.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येथे ‘पेर्दोनो’ म्हणजेच क्षमेचा सण असतो. पंधराव्या शतकात पोप सिक्स्तुस चौथे यांनी या चर्चला भेट देणाऱ्यांना पापदंडाची माफी घोषित केली, तेव्हापासूनची ही प्रथा आहे. या सणानिमित्त जुन्या काळचा पेहराव केलेले नागरिक संताच्या चांदीच्या चाव्या मिरवणुकीने बॅसिलिकेत आणतात. त्या चाव्या नगराच्या वतीने जपल्या जातात. संत हा केवळ धर्मगुरूंचा नसून साऱ्या गावाचा आहे, हे सांगण्याची ही किती सुंदर रीत! ज्यांना जमेल त्यांनी यात्रेचा काळ या सणाशी जुळवून घ्यावा. पायी यात्रेची आवड असलेल्यांसाठी रोमपासून ऑर्तोनापर्यंत ३०० किलोमीटरहून अधिक लांबीचा ‘संत थॉमस यात्रामार्ग’ही आखलेला आहे.

किल्ला, बंदर आणि समुद्रावरील सज्जा

बॅसिलिकेतून बाहेर पडून समुद्राच्या कडेने चालत गेल्यास काही मिनिटांत आरागोन घराण्याच्या किल्ल्यापाशी पोहोचता येते. पंधराव्या शतकात बांधलेल्या या किल्ल्याने तोफा सोसल्या, बॉम्ब सोसले, आणि पायाखालची जमीन खचल्याने त्याचा काही भाग समुद्राकडे ढासळलाही. आज डागडुजी केलेल्या तटबंदीवरून खालचे बंदर व दूरवरचा किनारा न्याहाळता येतो. किल्ल्याकडून निघणारा ‘पूर्वेचा फेरफटका’ हा कड्यावरील रस्ता म्हणजे जणू समुद्रावर काढलेला सज्जाच. सायंकाळी सारे गाव येथे पाय मोकळे करावयास येते. वृद्ध बाकांवर बसतात, मुले धावतात, शेजारी शेजाऱ्याची विचारपूस करतो. प्रवासी मंडळींनीही घाई न करता अर्धा तास येथे बसावे.

खाली दिसणाऱ्या बंदराकडे पाहताना दोन तारखा आठवाव्यात. ६ सप्टेंबर १२५८ रोजी याच बंदरात प्रेषिताच्या अस्थी आल्या. आणि ९ सप्टेंबर १९४३ च्या रात्री, इटलीने शरणागती जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, राजा व्हित्तोरियो एमानुएले तिसरा आपल्या परिवारासह व सेनाधिकाऱ्यांसह याच बंदरातून युद्धनौकेत बसून दक्षिणेकडे निघून गेला. राजा गेला आणि प्रजा जर्मन सैन्याच्या तावडीत सापडली. प्रेषित मात्र आपल्या गावाजवळ राहिले. ऑर्तोनाच्या लोकांच्या भक्तीचे मर्म या दोन तारखांच्या तुलनेत दडले आहे, असे आम्हाला वाटते.

संगीताची आवड असणाऱ्यांनी पालात्झो कोर्व्हो या जुन्या वाड्यातील संग्रहालयास भेट द्यावी. गीतरचनाकार फ्रान्चेस्को पाओलो तोस्ती यांचा जन्म १८४६ साली ऑर्तोना येथे झाला. पुढे ते लंडनला गेले आणि इंग्लंडच्या राजघराण्याचे संगीतशिक्षक झाले. त्यांच्या हस्तलिखितांचा व वस्तूंचा संग्रह येथे जपला आहे. सम्राट पाचवा चार्ल्स याची कन्या मार्गारेट हिने आयुष्याची अखेर याच नगरात व्यतीत केली. १५८६ साली तिचे येथे निधन झाले. तिच्यासाठी बांधावयास घेतलेला फार्नेझे वाडाही पाहण्याजोगा आहे.

१९४३ चा नाताळ

ऑर्तोनास जाणाऱ्याने एक गोष्ट टाळू नये, आणि ती म्हणजे युद्धाच्या खुणा. १९४३ च्या डिसेंबरात कॅनडाचे सैनिक आणि जर्मन छत्रीधारी सैनिक या अरुंद गल्लीबोळांतून आठवडाभर झुंजले. रस्त्यांवर गोळ्यांचा वर्षाव होत असल्याने कॅनडाचे सैनिक घरांच्या सामाईक भिंती फोडून एका घरातून दुसऱ्या घरात शिरत. २८ डिसेंबर रोजी जर्मन सैन्य नगर सोडून गेले तेव्हा मागे दगडमातीचे ढीग उरले होते. या लढाईत व तिच्या आगेमागे १,३०० हून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. इतक्या लहान गावात असे घर शोधूनही सापडले नसेल, जेथे शोक नव्हता.

त्या धुमश्चक्रीतच नाताळ आला. सांता मारिया दी कोस्तान्तिनोपोली या चर्चमध्ये टेबले मांडून, पांढरी कापडे अंथरून, कॅनडाच्या एका पलटणीसाठी नाताळचे जेवण तयार करण्यात आले. आघाडीवरील तुकड्या आळीपाळीने येत, दोन तास जेवत, वाद्याच्या साथीने नाताळची गाणी म्हणत आणि पुन्हा लढाईवर जात. पुढच्या तुकडीची पाळी येईपर्यंत त्यांच्यापैकी काही जण मरण पावलेले असत. ते चर्च आजही उभे आहे. १९९८ साली कॅनडाचे व जर्मनीचे वृद्ध माजी सैनिक नाताळनिमित्त त्याच चर्चमध्ये एकत्र जेवावयास बसले. पंचावन्न वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या, त्यांनी भाकर वाटून घेतली. समेटाचे याहून बोलके प्रवचन आम्हाला तरी माहीत नाही.

या युद्धाचा इतिहास सांगणारे ‘लढाईचे संग्रहालय’ गावात आहे. तसेच एका चौकात मरण पावलेल्या साथीदारापाशी गुडघे टेकून बसलेल्या सैनिकाचे शिल्प आहे. ‘शांतीची किंमत’ असे त्याचे नाव. नगराच्या दक्षिणेस मोरो नदीनजीक, समुद्राच्या बाजूला, कॅनडाच्या सैनिकांचे कबरस्थान असून तेथे १,६०० हून अधिक कबरी आहेत.

सांग्रो नदीकाठी आपली माणसे

कॅनडाच्या सैनिकांच्या डाव्या अंगाला त्या हिवाळ्यात कोण लढत होते, हे आपणा मराठी वाचकांना विशेष करून सांगावेसे वाटते. तेथे आठवी भारतीय डिव्हिजन होती. पंजाबी, गुरखा, सरहद्दीकडील जवान आणि त्यांच्याबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण. नोव्हेंबर १९४३ मध्ये पुराने फुगलेली सांग्रो नदी ओलांडून हे सैन्य उत्तरेस सरकले, आणि डिसेंबरात ऑर्तोनाच्या पश्चिमेकडील व्हिल्ला ग्रांदे या गावासाठी याच डिव्हिजनने घनघोर झुंज दिली.

ऑर्तोनाच्या दक्षिणेस, मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, सांग्रो नदीच्या खोऱ्यात राष्ट्रकुलाच्या सैनिकांचे मोठे कबरस्थान आहे. तेथे २,६०० हून अधिक कबरी आहेत. त्याच आवारात एक दहनस्मारक आहे. ज्यांना त्यांच्या धर्मानुसार अग्नी देण्यात आला, अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. याच मराठा पलटणीतील शिपाई नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातील निमज गावचे, पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी उत्तर इटलीतील सेनिओ नदीकाठी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून नेऊन व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. ते जिवंत परतले. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे १९४४ साली तिबेर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला. मोंतोने या इटालियन गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळाचे स्मारक उभारले. परंतु ज्यांना पदक मिळाले नाही, ज्यांची नावे आपल्या गावातही कुणाला ठाऊक नाहीत, त्यांची आठवण कोण करणार?

सांग्रोच्या भिंतीवरील ती माणसे बहुतांशी हिंदू व शीख होती. ती आपल्या धर्माची नव्हती, पण ती आपल्या मातीची होती. आपल्या यात्रेकरूंनी तेथे जावे, नावे वाचावीत, चार फुले वाहावीत आणि त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करावी. लांचानोहून दक्षिणेकडे जाणाऱ्या बसला त्यासाठी फार मोठा वळसा घ्यावा लागत नाही. आपण विश्वासाच्या पूर्वजाला भेटावयास एवढ्या दूर आलो. मग वाटेत देशबांधव निजलेले असताना पुढे निघून जाणे आपणास शोभेल काय?

समुद्र, त्राबोक्की आणि भोजन

यात्रा म्हणजे केवळ गंभीर चेहऱ्याने फिरणे नव्हे. परमेश्वराने निर्मिलेल्या सृष्टीचा आनंद घेणे हीदेखील प्रार्थनाच आहे. नगराच्या उत्तरेस लिदो रिच्चो हा वाळूचा लांबरुंद किनारा असून लहान मुले असलेल्या कुटुंबांना तो सोयीचा आहे. दक्षिणेकडे किनारा खडकाळ होत जातो, आणि कड्यांखाली लहान लहान चौपाट्या लागतात. जून ते सप्टेंबर हा समुद्रस्नानाचा काळ.

ऑर्तोनाच्या दक्षिणेस ‘त्राबोक्कींचा किनारा’ सुरू होतो. त्राबोक्को म्हणजे समुद्रात खांब रोवून त्यांवर उभारलेला लाकडी मचाण. त्याला लांब वासे जोडलेले असतात आणि त्या वाशांना टांगलेले मोठे जाळे रहाटाने पाण्यात सोडून वर ओढले जाते. कोचीची चिनी जाळी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही रचना लगेच ओळखीची वाटेल, आणि डोल लावणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना तर तिचे मर्म सांगावेच लागणार नाही. होडी न लोटता, खवळलेल्या समुद्राच्या तडाख्यापासून बचाव करीत मासे धरण्याची ही युक्ती. आता काही त्राबोक्कींवर उपाहारगृहे चालतात. रेल्वेमार्ग आतल्या बाजूस हलवल्यानंतर जुन्या मार्गावर सायकलींसाठी ‘हिरवी वाट’ करण्यात आली आहे. ती ऑर्तोनापासून दक्षिणेस व्हास्तोपर्यंत सुमारे ४० किलोमीटर समुद्राच्या कडेने जाते. तरुण मंडळींनी सायकल भाड्याने घेऊन निदान सान व्हितोपर्यंत जावेच. पुढे फोसाचेसिया येथे टेकडीवर सान जोव्हान्नी इन व्हेनेरे हा प्राचीन मठ आहे. त्याच्या आवारातून दिसणारा समुद्राचा देखावा पाहणाऱ्याला निःशब्द करतो.

भोजनात ताज्या माशांचा ‘ब्रोदेत्तो’ हा रस्सा आणि मेंढीच्या मांसाचे काडीवर भाजलेले बारीक तुकडे चाखावेत. या तुकड्यांना ‘आरोस्तिचीनी’ म्हणतात. गोडात नेव्होले हा ऑर्तोनाचा खास पदार्थ. द्राक्षाच्या रसाने गोड केलेली ती पातळ, गुंडाळलेली पोळी होय. भोवतालच्या टेकड्यांवरील द्राक्षांपासून होणारा ‘मोंतेपुल्चानो द’अब्रुत्झो’ हा तांबडा द्राक्षारस प्रसिद्ध आहे. तो प्रमाणात घ्यावा, हे धर्मगुरू या नात्याने सांगणे आमचे कर्तव्य!

काही व्यावहारिक सूचना

रोमहून पेस्कारा येथे बसने अथवा आगगाडीने यावे. तेथून किनारी आगगाडी अर्ध्या तासाच्या आत ऑर्तोनास पोहोचवते. स्थानक खाली आणि गाव वर असल्याने वृद्धांसाठी वाहनाची सोय आधीच पाहून ठेवावी. इटलीतील लहान गावांत चर्च, संग्रहालये आणि दुकाने दुपारी काही तास बंद असतात. म्हणून बॅसिलिका सकाळी पाहावी, दुपार समुद्राकाठी घालवावी आणि सायंकाळी पुन्हा वर यावे. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत. एकच दिवस हाती असेल तर सकाळी समाधीपाशी मिस्सा, त्यानंतर किल्ला व कड्यावरचा रस्ता, दुपारी सांग्रोचे कबरस्थान असा क्रम ठेवावा. दोन दिवस मिळाले तर दुसरा दिवस त्राबोक्कींचा किनारा, मठ आणि लांचानो यांसाठी द्यावा.

जखमांना स्पर्श करणारे नगर

संत थॉमस यांना आपण ‘संशयी’ म्हणून हिणवतो, पण ते योग्य नाही. त्यांनी प्रभूचे वैभव पाहावयास मागितले नव्हते. त्यांनी प्रभूच्या जखमा पाहावयास मागितल्या. ज्या गुरूवर खिळे ठोकले गेले, तोच उठला आहे ना, एवढीच त्यांना खात्री हवी होती. पोप संत ग्रेगरी थोर यांनी आपल्या प्रवचनात सुचवले आहे की, इतर शिष्यांच्या सहज विश्वासापेक्षा थॉमस यांच्या शंकेनेच आपल्या विश्वासाला अधिक बळकटी दिली.

अशा प्रेषिताच्या सान्निध्यात वसलेले गाव आपल्या जखमा झाकत नाही, हा आम्हाला योगायोग वाटत नाही. सांधे दिसणारे द्वार, नाताळच्या जेवणाचे चर्च, मोरोकाठच्या कबरी, सांग्रोच्या भिंतीवरील नावे, या साऱ्या त्या भूमीच्या जखमा आहेत. समुद्रस्नान करून, चार छायाचित्रे काढून पुढे जाणारा प्रवासी त्या पाहणार नाही. थॉमस यांचे अनुयायी म्हणून जाणाऱ्या भाविकाने मात्र हात पुढे करून त्यांना स्पर्श करावा. पुनरुत्थान म्हणजे जखमा पुसल्या जाणे नव्हे, तर जखमांसहित जिवंत उभे राहणे, हा धडा या लहानशा समुद्रनगरात जितका स्पष्ट वाचता येतो तितका भव्य महामंदिरांतही कधीकधी वाचता येत नाही.

तेव्हा पुढील यात्रेचे नियोजन करणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना आणि धर्मग्रामांतील यात्रासमित्यांना आमची नम्र विनंती आहे की, लांचानोहून निघताना बसचालकास समुद्राकडे वळावयास सांगा. आपले प्रेषित तेथे आपली वाट पाहत आहेत. त्यांच्या मध्यस्थीने प्रभू येशू आपला विश्वास दृढ करो, आणि युद्धात मरण पावलेल्या सर्वांना, मग ते कोणत्याही देशाचे वा धर्माचे असोत, चिरंतन शांती देवो.